बुटकी गाडी लातूरला का आली नाही

नांदेडला लातूर फाट्याच्या अलीकडे परदेशी गाड्यांचं एक काचेचं शोरूम आहे. तिथे निवृत्ती जगदाळे नऊ वर्षं गाड्या विकत होता. स्वतः तो सहा आसनी रिक्षातून कामावर येई, बहुतेक वेळा सातवा म्हणून. पण कोणती गाडी किती सेकंदांत शंभराचा वेग गाठते, कोणत्या गाडीचा सायलेन्सर कसा घुमतो, हे त्याला पाढ्यासारखं पाठ होतं. यातल्या निम्म्याहून जास्त गाड्यांत तो बसला नव्हता. काही गाड्या तर त्याने पाहिल्याही नव्हत्या. विकणाऱ्याने वस्तू वापरलेली असावी, असा नियम असता तर खताच्या दुकानदारांचं काय झालं असतं?

कंपनी जगभर तीसेक प्रकारच्या गाड्या विकायची आणि भारतात सहा. गिऱ्हाईक मोबाइलवर तीसच्या तीस पाहून यायचं आणि नेमकं तिच्यावर बोट ठेवायचं जी इथे मिळत नव्हती. दोन दारांची, जमिनीला चिकटलेली, तीनशे घोड्यांची. शोरूममध्ये तिला सगळे ‘बुटकी’ म्हणत.

“दोन कोटींची येती, चाळीस लाखांचीबी येती, मग ही मधलीच कामून येत न्हाई?” असं कुणी विचारलं, की निवृत्ती त्याला खुर्ची द्यायचा आणि हाळीच्या बैलबाजारात न्यायचा.

“असं बगा मालक. लांबचा व्यापारी हाळीला बैल घेऊन येतो. ट्रकचं भाडं आलं, नाक्यावरची चिरीमिरी आली, ढोराच्या डॉक्टरचा दाखला आला. एक जोडी आणा न्हाईतर धा आणा, खटपट तीच. मग तो काय करतो? एक तर धा साध्या जोड्या आणतो, न्हाईतर एकच अशी देवणी जोडी आणतो की गिऱ्हाईक भाव इचारीतच न्हाई. मधल्या दोन जोड्या घेऊन कुणी आलेलं बगितलंय तुमी?”

“न्हाई.”

“कंपनीचं तसंच हाय. परदेशातून आख्खी गाडी आणली की किमतीइतका कर लागतो. नव्या मॉडेलचं इथल्या सरकारकडून चाचणी करून सर्टिफिकेट घ्यावं लागतं. एवढं करून खपणार किती, ते बगितलं जातं. दोन कोटीवाल्याला कराचं काही वाटत न्हाई. मधल्याला वाटतं.”

गिऱ्हाइकाला हे पटायचं. ते चहा प्यायचं आणि उंच गाडी बुक करून जायचं. गाडी का मिळत नाही हे गिऱ्हाइकाला इतकं चांगलं समजावून सांगणारा माणूस दोन जिल्ह्यांत दुसरा नव्हता. पण पगार वाढायला या कलेचा काही उपयोग नव्हता.

शोरूमचे मालक साहेबरावदादा. त्यांचे दोन पेट्रोल पंप, एक शिक्षणसंस्था आणि एक बारमाही खोकला. दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीत त्यांनी निवृत्तीला आत बोलावलं.

“बुटकी आणायची का न्हाई, हे कंपनी ठरवून राहिली. देशातून अडीचशे नावं पायजेत. मोठ्या शहरांचं जमलंय, आता त्यांना बारकी गावं पायजेत. लातूर-उदगीरकडची धा नावं आण. टोकन नको. फॉर्म भरून आण, सगळी माहिती खरी.”

“आणतो की दादा.”

“पुढचं आईक. धा नावं झाली तर कंपनी लातूरला शाखा देती. उदगीर जिल्हा व्हायचाय, हे त्यांच्याबी कानावर गेलंय. शाखा झाली की मॅनेजर तू.”

निवृत्ती दहा नावांसाठी नाही, या शेवटच्या वाक्यासाठी उठला. त्याची बायको शिवकन्या मुरुडला अंगणवाडी सेविका. त्या नोकरीची बदली होत नसते. ती ज्या गावची त्याच गावची. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, त्यातली नऊ त्याने नांदेडच्या भाड्याच्या खोलीत आणि एकाआड एक रविवारी मुरुडला काढली होती. मुरुडहून लातूर एसटीने पाऊण तास. लातूरला खुर्ची मिळाली तर माणूस रोज रात्री आपल्या घरी जेवणार होता. महत्त्वाकांक्षा म्हणून ही फार मोठी नव्हे, पण त्याची ती एकच होती.

साल दुष्काळाचं होतं. लातूरला नळ महिन्यातून एकदा आला तर लोक एकमेकांना फोन करून सांगत. मार्चपासून पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी यायला लागलं. शोरूममधल्या गाड्या कोरड्या फडक्याने पुसल्या जात. अशा साली परदेशी गाड्यांचं दुकान ओस पडेल असं पुण्याच्या माणसाला वाटतं. पुण्याच्या माणसाला दुष्काळ कळत नाही. पाणी महागलं की टँकर महागतो, आणि टँकर महागला की टँकरवाल्याच्या अंगणात गाडी येते.

उदगीरचे शिवमूर्तीअण्णा तसे. अकरा टँकर, भाड्याने घेतलेल्या चार विहिरी, आणि गळ्यात चेन इतकी जाड की म्हशीला बांधली तरी चालावी. उदगीर जिल्हा होणार, ही बातमी दर सव्वीस जानेवारी, एक मे आणि पंधरा ऑगस्टला येऊन जायची. अण्णा प्रत्येक वेळी पेढे वाटायचे.

“निवृत्ती, जिल्हा झाला की गाड्यांना नवा नंबर सुरू होतो. त्यातला पयला नंबर माझा. बुटकीला लावणार. कलेक्टर येऊ दे, त्याला दोन नंबर.”

“मग फॉर्म भरू का अण्णा?”

“भर. नाव आईचं टाक.”

निवृत्तीने टाकलं: गुरम्मा, वय चौऱ्याहत्तर, व्यवसाय शेती.

यात त्याला वावगं वाटण्याचं कारण नव्हतं. या भागात मोठी गाडी मुलगा पसंत करतो, मुलगा चालवतो, मुलगाच ठोकतो. असते मात्र आईच्या नावावर. कुणी विचारलं तर सांगायचं, आईचा आशीर्वाद. खरी गोष्ट अशी की जमीन आईच्या नावावर असते आणि शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसतो. गुरम्माच्या अकरा एकरांत त्या साली पेरलेलं उगवलं नव्हतं. कागदावर मात्र त्याच अकरा एकरांनी परदेशी गाडी घेण्याजोगं पीक दिलं होतं. कृषी विद्यापीठाला हे वाण कधी सापडलं नाही.

लातूरच्या नरसिंग सरांचे मेडिकल प्रवेशाचे क्लासेस. त्यांनी आई कस्तुराबाईचं नाव दिलं. देवणीच्या खत-बियाणेवाल्याने आईचं दिलं, आई नसलेल्या एकाने सासूचं दिलं. तीन आठवड्यांत दहा फॉर्म झाले. सगळी माहिती कागदोपत्री खरी. निवृत्तीने ते दिल्लीकडच्या हेड ऑफिसला पाठवले आणि त्या रविवारी शिवकन्येला सांगून टाकलं, “जवळजवळ झालंच.”

हेड ऑफिसमध्ये कुणीतरी ते फॉर्म कॉम्प्युटरमध्ये भरले. मग जुनी विक्रीही काढून पाहिली. आणि खुर्चीत ताठ झालं असावं.

साहेबरावदादांना आलेला मेल चार पानी होता. त्यांनी तो निवृत्तीपुढे सरकवला. “मला निम्मंच कळलं. ह्या ‘ज्येष्ठ महिला शेतकरी’ कोण हायत?”

निवृत्तीने वाचलं. कंपनीला कळलं होतं की नांदेड-लातूर भागात वेगवान गाडी मागणाऱ्यांचं सरासरी वय एकाहत्तर आहे, त्या सर्व स्त्रिया आहेत, कोरडवाहू शेती करतात आणि त्यांतल्या सात निरक्षर आहेत. आधी विकलेल्या त्रेचाळीस गाड्यांपैकी एकतीस गाड्याही अशाच स्त्रियांच्या होत्या. हा ग्राहकवर्ग जगात इतरत्र कुठेही आढळला नव्हता. त्याचा अभ्यास करायला उमादेवी नावाच्या पाहणी अधिकारी येत होत्या.

“दादा, खरं सांगून टाकू का?”

दादा बराच वेळ खोकले. “काय सांगशील? कंपनीला लेखी सांगशील, की आपली गिऱ्हाइकं आयांच्या नावानं घेतेत? माझ्या दोन गाड्या आईच्याच नावावर हायत. तिला जाऊन पाच साल झाले.”

उमादेवी तिशीतल्या, सोलापुरात वाढलेल्या, मराठी स्वच्छ बोलणाऱ्या. एप्रिलच्या उन्हात त्या पांढऱ्या भाड्याच्या गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांच्या हातात काळी बॅग आणि लॅपटॉप होता. संशयाला एवढं पुरेसं होतं. लातूरला पहिली मुलाखत नरसिंग सरांच्या घरी झाली. चहा यायच्या आत सरांनी आतल्या खोलीतून नऊ फोन केले: पांढरी गाडी, एक बाई, लॅपटॉप, आईचं नाव आणि उत्पन्न विचारतेय, काय ते समजून घ्या.

निवृत्तीने घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं, ही बाई गाडीच्या कंपनीची आहे. “आयकरवाले तसंच सांगून येतेत,” सर म्हणाले. सरांच्या शहाणपणावर त्यांच्या चारशे विद्यार्थ्यांचा विश्वास होता, त्यामुळे खुद्द सरांचाही होता.

कस्तुराबाईला मुलाने एकच शिकवलं होतं, सगळ्याला हो म्हण. उमादेवींनी विचारलं, “आजी, गाडीचा रंग कोणता आवडेल?”

“हो,” कस्तुराबाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “मालक गेल्यापासून मला रंग इचारणारी तूच पयली.”

उमादेवींनी ते लिहून घेतलं.

उदगीरला पोचले तेव्हा शिवमूर्तीअण्णांच्या अंगणात नुकताच नळीने गाडीला अंघोळ घालण्याचा कार्यक्रम झाला होता. जमीन ओली होती आणि गल्लीतली पोरंबाळं ती ओल पाहत उभी होती. फोन आल्याबरोबर अण्णांनी गाडीवर ताडपत्री टाकून घेतली होती, कडब्याची गंजी झाकतात तशी. अण्णांनी गळ्यातली चेन काढली होती. अंगात बंडी होती. नवख्याला ते सालगडी वाटले असते.

गुरम्मा ओसरीवर सुपारी कातरत बसली होती. उमादेवी समोर बसल्या, निवृत्ती अण्णांशेजारी.

“आजी, गाडी तुमच्या नावावर आहे ना?”

गुरम्माने पोराकडे पाहिलं. पोराने पंख्याकडे पाहिलं आणि ओठ न हलवता म्हणाला, “हाव म्हण.”

“हाव म्हण म्हणायलंय पोरगं,” गुरम्मा म्हणाली. “मग हाय म्हणायची.”

“तुम्हाला वेगाची आवड आहे का?”

“कशाची?”

“जोरात जायची.”

“जोरात कुटं जाऊ माय? गुडघे बघ माझे.”

“गाडीत बसताना त्रास होतो?”

“बसताना न्हाई, उतरताना. खाली असली की बिळातून निघावं तसं निघावं लागतंय. बुटकी नगं बाई. उंच पायजे, टमटमवाणी. टमटमला कसं, नुसतं मागं सरकलं की बसलं.”

उमादेवींची बोटं भराभर चालत होती. “धरायला दांडी हवी?”

“दांडी तर पायजेच. यष्टीत असती तसली.”

“काही गिऱ्हाइकांना इंजिनाचा मोठा, घुमणारा आवाज आवडतो.”

“यव्वा!” गुरम्माने अडकित्ता खाली ठेवला. “ह्याच्या बुलेटीच्या आवाजानं म्हैस आटली आमची. आवाज नगंच. आन् मागं बसले की मला उलटी होती. तेवढं बघा काई.”

निवृत्तीला आपल्या डोळ्यांपुढे तीनशे घोडे एकेक करून कोंडवाड्यात जाताना दिसत होते. तो पुढे सरकला. “मॅडम, म्हणजे काय, गाडी तशी शिवमूर्तीअण्णाच कधीमधी—”

अण्णांचा पाय त्याच्या पायावर पडला आणि तिथेच राहिला.

“कधीमधी आईला दवाखान्यात नेतो,” अण्णांनी वाक्य पुरं केलं.

“म्हणजे तुम्ही चालवता?” उमादेवींनी विचारलं.

उदगीर ते हैदराबाद तीन तासांत गाठल्याचं ज्यांनी साऱ्या मोंढ्यात शपथेवर सांगितलं होतं, ते शिवमूर्तीअण्णा हात जोडून म्हणाले, “छे छे. मला कुटली येती गाडी? मला सायकल बरी वाटती.”

उरलेल्या आठ घरांत हेच झालं. कुणाला गाडी चालवता येत नव्हती, कुणाला वेगाची भीती वाटत होती, देवणीच्या खतवाल्याने तर पेट्रोलच्या वासाने डोकं दुखतं असं सांगितलं. दोन जिल्ह्यांतल्या रस्त्यांवर ज्यांच्यामुळे कुत्री जिवंत राहत नव्हती, ती माणसं त्या दोन दिवसांत संत झाली.

परतताना नळेगावच्या पुढे निवृत्तीने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि उमादेवींना सगळं सांगितलं. आई, जमीन, आयकर, ताडपत्री. शाखेचंही सांगितलं. मुरुडचं सांगितलं नाही, पण ते आवाजात आलं असावं.

उमादेवींनी लॅपटॉप बंद केला. “मला कळलं होतं. सोलापुरात आमच्या घरचे चार यंत्रमाग आजीच्या नावावर होते. तिला माग कुठल्या बाजूने चालू होतो तेही माहीत नव्हतं.”

“मग मॅडम?”

“मग काय? दहा घरांत जे ऐकलं ते खोटं आहे, असं मी कशाच्या जोरावर लिहू? एकाने लिहून द्यावं. पैशाचं काही नको, आयकराचं नको. फक्त एवढंच: गाडी मी निवडणार, मी चालवणार. खाली सही. एक सही मिळाली तरी मी दहाही मुलाखती नव्याने घ्यायला लावते. सोमवारपर्यंत थांबते.”

गुरुवार होता. निवृत्तीने रजा टाकली आणि एसटीने फिरायला लागला.

नरसिंग सरांनी त्याला रिकाम्या वर्गात बसवून उत्तर दिलं. फळ्यावर बेडकाचं हृदय काढलेलं होतं. “निवृत्ती, ज्या प्रश्नाचं उत्तर पक्कं माहीत नाही तो सोडून द्यायचा. चुकलं तर मार्क कापतात.”

“पण सर, उत्तर तर तुमाला माहीत हाय.”

“म्हणूनच सोडायचा.”

देवणीचा खतवाला सही करायला लगेच तयार झाला. फक्त तारीख घालायची नाही, नाव घालायचं नाही आणि सही त्याच्या नोकराने करायची. सासूचं नाव देणाऱ्याने सासूला विचारून सांगतो म्हटलं. सासू बिदरला गेली होती आणि कधी येणार ते तिलाच माहीत होतं.

रविवारी दुपारी तो शिवमूर्तीअण्णांच्या ओसरीवर पोचला. चेन गळ्यात परत आली होती.

“अण्णा, एक ओळ. ह्यात पैशाचं काईच न्हाई.”

“आन् ते कागद उद्या आयकराकडं गेलं तर?”

“गाडी चालवतो म्हणलं तर आयकर काय करतंय?”

“तू लई भोळा हाइस.” अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “मला बुटकी पायजे. लई पायजे. तू आण, मी घेतो. पण मला पायजे, असं कुटं लिवलेलं नसावं.”

आतून गुरम्माचा आवाज आला. “आण रं पोरा इकडं. मी अंगठा करते. लिव, गाडी पोराची हाय, आवड पोराची हाय, म्हातारीचं नाव उगंच हाय. मला उतरव एकदा त्या कागदांवरनं.”

“यव्वा, तू चहा बघ.”

“चाळीस साल चहाच बघून राहिले.”

गुरम्मा बाहेर आली, बसली आणि तिने अंगठा पुढे केला. निवृत्तीच्या पिशवीत शाईचा पॅड होता. फॉर्म भरताना लागायचा. घर जिच्या नावावर, गाडी जिच्या नावावर, ती म्हातारी अंगठा देत होती. एका अंगठ्याने काम होणार होतं. त्याने पॅड काढला, झाकण उघडलं.

अण्णा रागावले नाहीत. त्यांनी आवाजही चढवला नाही. “निवृत्ती, आपले टँकर झेडपीच्या ठेक्यात हायत. मुरुडला दोन लावलेत. तुमची गल्ली कोणती म्हणालास?”

निवृत्ती म्हणाला नव्हता. त्याने पॅडचं झाकण लावलं. गुरम्माने आपल्या कोऱ्या अंगठ्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, आणि चहा बघायला आत गेली.

सोमवारी त्याने उमादेवींना फोन करून सांगितलं की कुणी भेटलं नाही. “बरं,” त्या म्हणाल्या. दुसरं काही विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

निर्णय पंधरा दिवसांत आला. बुटकी भारतात येणार होती. पुण्याला, कोल्हापूरला, लुधियानाला, कोइमतूरला. तिथल्या पोरांनी फॉर्मवर स्वतःचं नाव आणि चोविसावं वर्ष लिहायचं धाडस केलं होतं. नांदेड-लातूरसाठी कंपनीने त्याच गाडीची उंच बहीण नेमली होती: निम्म्या घोड्यांची, आवाज न करणारी, चढायला पायरी, धरायला दांडी, मागच्या सीटला धक्के न बसण्याची सोय. लातूरची शाखाही मंजूर झाली होती.

साहेबरावदादांनी हे मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटचा परिच्छेद त्यांनी हळू वाचला. ग्राहक बहुसंख्येने ज्येष्ठ महिला असल्याने शाखेवर महिला व्यवस्थापक नेमण्यात येत आहे. पुण्याच्या शोरूममधल्या एक अनुभवी बाई दोन मे रोजी रुजू होतील.

“बाई नेमलीय,” दादा म्हणाले.

“आईकलं दादा.”

“आता तुला बाई करता येत न्हाई.”

बातमी फुटली तसे फोन सुरू झाले. गिऱ्हाइकं खवळली होती. कोल्हापूरला बुटकी आणि लातूरला दांडीवाली! नरसिंग सरांनी ‘मराठवाड्यावर पुन्हा अन्याय’ या मथळ्याचं पत्र वर्तमानपत्राला पाठवलं. त्यात सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष आणि आता वेगवान गाड्यांचा अनुशेष अशी मांडणी होती. पत्र छापून आलं. शिवमूर्तीअण्णांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, “आपला जिल्हा होऊ देत न्हाईत, आपल्याला गाडी देत न्हाईत. ह्या कंपन्यांना आपलं वावडंच हाय.” मग हैदराबादला जाऊन त्यांनी दुसऱ्या कंपनीची बुटकी घेतली. आईच्या नावावर.

पुण्याच्या बाई दोन मेला रुजू झाल्या. लातूरच्या नव्या शोरूमच्या मागच्या नळाला पाणी कधी येतं, असं त्यांनी शिपायाला विचारलं. तो म्हणाला, “गेल्या महिन्यात आलतं.” लॉजवाल्याने अंघोळीला अर्धी बादली दिली आणि कपडे धुवायचे नाहीत असं बजावलं. बाई तिसऱ्या दिवशी वैद्यकीय रजेवर गेल्या. रजेतूनच त्यांनी बदलीचा अर्ज केला, केबिनची किल्ली मात्र चुकून पर्समध्येच पुण्याला गेली.

साहेबरावदादांनी निवृत्तीला बोलावलं. “कंपनी दुसरं कुणी पाठवीपर्यंत तू जाऊन बस लातूरला. प्रभारी म्हणून.”

मराठवाड्यात या शब्दाचा अर्थ कुणाला समजवावा लागत नाही. तहसीलला प्रभारी असतो, दवाखान्यात प्रभारी असतो, कॉलेजला प्राचार्य प्रभारी असतो. नेमलेला माणूस येत नाही, आलेला टिकत नाही, आणि मग जवळचा कुणीतरी तोपर्यंत म्हणून बसतो. काही जण तोपर्यंत म्हणून वीस-वीस वर्षं बसले आहेत. निवृत्तीला पगार नांदेडचाच मिळणार होता. पाटीवर नाव लागणार नव्हतं. केबिनला कुलूप होतं, म्हणून त्याचं टेबल बाहेर, उंच गाडीच्या पायरीशेजारी टाकलं होतं. गाडीचा खप चांगला होता. पोरं येत, बुटकीबद्दल हळहळत, निवृत्ती त्यांना हाळीच्या बाजाराची गोष्ट सांगे. मग फॉर्म काढला की त्यांच्या आयांची नावं लिहून घेई.

पहिल्या दिवशी संध्याकाळी तो साडेसहाच्या एसटीने मुरुडला उतरला. शिवकन्या दारातच होती.

“मॅनेजर झालात म्हणं.”

“प्रभारी.”

“म्हंजे?”

“काम सगळं. पाटी न्हाई, पगार तोच. कवाबी काढतील.”

“मग माझ्यावाणीच की,” शिवकन्या म्हणाली. “आम्ही बी सोळा साल झाले मानसेवीच हाव. पगार म्हणत न्हाईत त्याला, मानधन म्हणतेत.”

तिने पिठाचा डबा ओढला आणि मग थांबली. नऊ वर्षांत असं विचारायची तिला सवय राहिली नव्हती.

“उद्याच्या डब्याला भाकरी दोन का तीन?”

“तीन,” निवृत्ती म्हणाला. “प्रभारीला दुपारचं बाहेर जाता येत न्हाई.”